गोडाचं जरा बघा

डॉक्टर मराठीत बोलायला लागले की जपून ऐकावं. माझ्या रक्तातल्या तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा ६.१ आला तेव्हा आमच्या डॉक्टरांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "काठावर आहात. गोडाचं जरा बघा."

आता 'बघा' म्हणजे काय? 'सोडा' म्हणाले असते तर मी त्याच दिवशी सोडलं असतं. (हे मी बायकोला सांगितलं. ती "हो का" म्हणाली आणि कणीक मळत राहिली.) पण डॉक्टरांनी बघायलाच सांगितलं होतं, म्हणून मी बघू लागलो. नाशकात राहून गोडाचं बघायचं ठरवलं तर दिवस पुरत नाही. मिसळ तिखट म्हणून निर्धास्त जावं, तर ताटाशेजारी जिलेबीची बशी येते. घरी परत यावं, तर समोरून बुधा हलवायाची जिलेबी कागदात बांधून घेतलेला माणूस येतो, आणि कागदावर पाकाचा डाग हळूहळू पसरत असतो. तोही मी बघितला. कोपऱ्यावर वळेपर्यंत बघितला.

५.७ पासून ६.४ पर्यंतचा पट्टा म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. उंबरठ्यावर थांबू नये, एक तर आत ये नाहीतर बाहेर जा, असं आई मला लहानपणापासून सांगत आली आहे. म्हणून मी बाहेर जायचं ठरवलं आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर हजर झालो. मैदानाचं खरं नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. पण अख्खं गाव त्याला गोल्फ क्लब म्हणतं आणि तिथे गोल्फ खेळताना मी अजून कोणाला पाहिलेलं नाही. चालणाऱ्यांपैकी निम्मे लोक असेच कशाच्या तरी काठावर असतात.

तिथे एक निवृत्त तहसीलदार भेटतात. "मी साखर विषासारखी सोडली," ते म्हणाले.

"मग चहा?"

"गुळाचा."

"बिस्कीट?"

"नाचणीचं. मधातलं."

"लाडू?"

"खजुराचा. तो तर औषध आहे!"

अशा रीतीने साहेबांनी साखर सोडली होती आणि गोड तेवढं जवळ ठेवलं होतं. मला हा मार्ग एकदम पटला. मी त्याच विचारात घरी आलो, तर दारात कुरिअरवाला उभा.

पाकीट लेकीने पुण्याहून धाडलेलं. पाठोपाठ फोन. "बाबा, तुझी गोडाची खोड काही जाणार नाही, म्हणून हे. लो शुगर गमीज आहेत. बिनधास्त खा, अजिबात गिल्ट नको."

पाकीट आपापलं उभं राहणारं, वर झिप असलेलं. आत बोटाच्या पेराएवढी अस्वलं, लाल, पिवळी, हिरवी, जांभळी. एक लाल अस्वल उजेडात धरलं, तर पलीकडच्या कट्ट्यावरची तुळस तांबडी दिसली. चिमटीत दाबलं की दबायचं आणि सोडलं की पोट पुढे काढून पुन्हा उभं राहायचं. आरशात रोज दिसणाऱ्या एका गृहस्थांची आठवण झाली. चावलं तर आधी काहीच नाही, मग दात रुततो, मग आंबट, आणि सगळ्यात शेवटी, पंगत उठताना आलेल्या पाहुण्यासारखी, गोडी.

पाकिटाच्या पुढच्या बाजूला 'कमी साखर' ही अक्षरं रस्त्यापलीकडून वाचता यावीत एवढी मोठी. मागचे घटक मात्र मुंग्यांसाठी छापलेले. माझा चष्मा झाला, बायकोचा झाला, मोबाइलचा दिवा झाला. शेवटी आईचं पोथीचं भिंग आणलं.

"कुठला अध्याय?" आईने पलंगावरून विचारलं.

"घटक पदार्थ."

"मग मोठ्याने वाच. मलाही पुण्य लागू दे."

"माल्टिटॉल सिरप," मी सुरुवात केली, "विद्राव्य तंतू, पेक्टिन, सायट्रिक ॲसिड, द्राक्षाचा रस दोन टक्के..." आईने सवयीने हात जोडले आणि मराठी माणसाने कुठल्याही नव्या पदार्थाला विचारावा असा पहिला प्रश्न विचारला.

"उपासाला चालतं का?"

याचं उत्तर भिंगात नव्हतं, मोबाइलमध्ये होतं. माल्टिटॉल मक्यासारख्या धान्याच्या स्टार्चपासून करतात. गोडी साखरेच्या पाऊणपटीहून जास्त. पण साखर ग्रॅममागे चार कॅलरी देते तिथे हे दोन-सव्वादोनवर भागवतं.

"मका?" आई म्हणाली. "मग उपासाला नाही. नैवेद्याला चालेल." निकाल देऊन तिने दुसरी हरकत घेतली. "हे अस्वल आहे. म्हणजे मांसाहारी ना?"

प्रश्न वाटतो तेवढा भाबडा नाही. बाजारातली पुष्कळशी अस्वलं जिलेटिनची असतात, आणि जिलेटिन काढतात जनावरांची कातडी आणि हाडं उकळून. आमच्या पाकिटावर हिरवा ठिपका होता. आमची अस्वलं पेक्टिनची, म्हणजे सफरचंदाच्या चोथ्यातून नाहीतर लिंबू-संत्र्याच्या सालीतून निघणाऱ्या द्रव्याची. आई करते ती पेरूची जेली ज्यामुळे थिजते, तेच हे.

"केवढ्याला आहे पाकीट?"

"दोनशे."

"चाळीस वर्षं पेरूची जेली केली," आई म्हणाली, "मला कोणी दोन रुपये दिले नाहीत."

तहसीलदारसाहेबांना मी दुसऱ्या दिवशी ट्रॅकवर पाकीट दाखवलं. नियमाचा वास आला की साहेब अजूनही खुर्चीत बसल्यासारखे ताठ होतात. "नुसतं 'कमी साखर' म्हणायचं असेल," ते म्हणाले, "तर १०० ग्रॅम मालात साखर ५ ग्रॅमच्या वर नको. तसा नियम आहे. आणि 'अमुकपेक्षा कमी' असं लिहिलं असेल, तर आधी तो अमुक कोण ते विचारायचं. आमच्याकडे एक जण आपला पोरगा उंच म्हणून सांगायचा. कोणापेक्षा? तर धाकट्यापेक्षा." मग त्यांनी माझं पाकीट तपासून "नियमानुसार आहे" असा शेरा मारला आणि सहा अस्वलं काढून घेतली. जुन्या सवयी.

खरी गंमत पुढे होती. पाकिटावर लिहिलं होतं, एक सर्व्हिंग म्हणजे तीन नग. तीन! हा आकडा काढणाऱ्याने आयुष्यात एखादं पाकीट उघडं टाकून क्रिकेटची मॅच बघितलेली नसणार. पहिल्या तीन अस्वलांत मला फक्त चव कळली. पुढच्या तिनांत रंगांतला फरक कळतो का ते पाहिलं. नंतरची सहा केवळ शहानिशेसाठी. गणित सरळ होतं. कॅलरी निम्म्या, म्हणजे दुप्पट खायला हरकत नाही. दुप्पट खाल्लं की बेरीज साखरेएवढीच होते, हे गणित मलाही येतं, मी कॉमर्सचा आहे. पण ते पाकीट रिकामं झाल्यावर सुचतं.

लेकीला फोन करून आणखी चार पाकिटं मागवली. पथ्य म्हटलं की नेटाने करावं.

एवढ्यात मालेगावहून साखरपुड्याचं आमंत्रण आलं. माझ्या चुलतभावाच्या मुलाचा. ज्या समारंभाच्या नावात साखर आणि पुडा दोन्ही आहेत, तिथे मी कमी साखरेचा पुडा बरोबर घेऊन निघालो. पिंपळगाव बसवंतला मेव्हणा गाडीत चढला. त्याची द्राक्षबाग आहे. मी मोठेपणाने त्याच्या हातावर एक जांभळं अस्वल ठेवलं.

"हे काय, दाजी?"

"द्राक्षाच्या चवीचं आहे."

त्याने ते चावलं आणि एखादा गुन्हेगार ओळख परेडला ओळखायचा असावा तसे डोळे मिटले. "द्राक्ष? यात?"

"रस दोन टक्के आहे."

"मग बाकीचे अठ्ठ्याण्णव कोण?"

मी त्याला साखर कशी कमी आहे ते समजावलं. तो बराच वेळ खिडकीबाहेरच्या बागा बघत गप्प बसला. मग म्हणाला, "दाजी, आमचा माल व्यापारी मशिनवर धरतो. ब्रिक्स बघतो, म्हणजे साखर. ती भरली नाही तर गाडी भरत नाही. म्हणजे गोडी कमी म्हणून आमचा भाव पाडतात आणि गोडी कमी म्हणून तुमच्याकडून दोनशे घेतात. आम्हीच चुकीच्या धंद्यात आहोत."

या वादात चांदवड कधी आलं कळलं नाही. पाकीट संपलं तेही कळलं नाही. दुसरं उघडलेलं होतं.

इथे थोडा इतिहास सांगायला हवा. गमीची ही अस्वलं मूळची जर्मनीची. बॉन शहरातल्या हान्स रीगल नावाच्या मिठाईवाल्याने ती १९२२ मध्ये काढली. तिकडेही तेव्हा जत्रेत अस्वलं नाचवत. आपल्या दरवेशाच्या अस्वलासारख्या त्या नाचऱ्या अस्वलांवरून त्याला ही कल्पना सुचली, आणि नावही 'नाचरं अस्वल' असंच ठेवलं. हे मी कौतुकाने वाचलं होतं. राहुडच्या घाटात ते अनुभवाला आलं. पहिल्या वळणावर एक अस्वल नाचलं. दुसऱ्यावर दोन. घाट उतरेपर्यंत आत दरवेशी, डमरू आणि बघ्यांसह सगळी जत्रा भरली होती.

याचं कारण फार साधं आहे, फक्त ते घाटाच्या आधी माहीत असावं लागतं. माल्टिटॉल आपल्या लहान आतड्याला पुरतं शोषता येत नाही. उरतं ते मोठ्या आतड्यात जातं, जाताना पाणी ओढून नेतं, आणि तिथे जंतूंची पंगत बसते. पंगत जेवली की वायू होतो. तीन नगांनी पंगत बसत नाही. मी गावजेवण घातलं होतं.

कार्यालयात पोचलो तेव्हा गुरुजी संकल्प सोडायच्या बेतात होते. "सगळ्यांनी जरा शांतता राखा," ते म्हणाले. सगळ्यांनी राखली. एकट्या माझ्या पोटाने नाही. चिखलात रुतलेली उसाची गाडी बैलांनी एकदम ओढावी, तसा आवाज झाला. गुरुजींनी माइककडे पाहिलं. "वायर बघ रे बाबा." एका पोराने वायर हलवली. पुन्हा आवाज. पोराने माइक बदलला. तिसऱ्या वेळी तो सगळा स्पीकर उचलून घेऊन जात असताना मी त्याच्या आडोशाने बाहेर पडलो.

मागच्या बाजूला दोन दारं होती. 'वरपक्ष' लिहिलेल्या दारापुढे रांग होती. 'वधूपक्ष' मोकळं होतं. मी वरपक्षाचा. पण आणीबाणीच्या वेळी माणसाने पक्ष बघत बसू नये. आपल्याकडे चांगली चांगली माणसं बघत नाहीत. मी पक्ष बदलला. आत जाऊन आलो. पुन्हा गेलो. चौथ्या खेपेला वधूपक्षाने मला आपलं मानलं आणि बादली भरून ठेवायला सुरुवात केली.

मांडवाच्या कडेला खुर्चीवर कोसळलो, तर शेजारी नवरीचे आजोबा बसलेले. पांढरी टोपी, बंद गळ्याचा कोट. "पोट बिघडलं का, पाव्हणं?" त्यांनी कोटाच्या खिशाचं बटण काढलं, आत चाचपलं आणि एक पान पसंद माझ्या हातावर ठेवली. "घोळवा. चावू नका."

आजोबा रावळगावचे. मालेगाव तालुक्यातल्या या गावी वालचंद हिराचंदांनी १९३३ मध्ये साखर कारखाना काढला आणि १९४२ मध्ये त्याच कारखान्याने गोळ्या सुरू केल्या. म्हणजे आमच्या जिल्ह्यात साखर ही काही लपवायची गोष्ट नव्हती. ती बनवून, वर रंगीत कागदात गुंडाळून, देशभर अभिमानाने धाडली जात होती. पान पसंद, मँगो मूड, कॉफी ब्रेक, टूटी फ्रूटी. शाळेत वाढदिवसाला वाटायच्या त्या याच. २०२४ मध्ये रिलायन्सच्या कंपनीने या गोळ्यांची नावं आणि पाककृती २७ कोटी रुपयांना घेतल्याची बातमी आली, तेव्हा आमच्या घरात सुतक असल्यासारखं वाटलं होतं. गोळी खाऊन दहा वर्षं झाली होती ही गोष्ट वेगळी.

गोळी घोळवता घोळवता मी सवयीने कागद उलटा करून पाहिला. ती कशासाठी चांगली आहे, हे त्यावर कुठेच लिहिलेलं नव्हतं.

"आजोबा, रोज खाता?"

"जेवण झालं की एक."

"दुसरी खावीशी वाटत नाही?"

"वाटती की." आजोबांनी खिशाचं बटण पुन्हा लावलं. त्यांच्या आरोग्य-यंत्रणेत तेवढा एकच भाग होता.

घरी आल्यावर पुन्हा भिंग काढलं. पाकिटाच्या तळाशी, जिथे झिपेची नाही तर दुसऱ्या बाजूची घडी पडते, तिथे एक ओळ सापडली. पॉलिओलचा रेचक परिणाम होऊ शकतो. पॉलिओल म्हणजे माल्टिटॉल ज्या घराण्यातलं, ते घराणं. पाकीटवाल्यांनी सांगितलं होतं, नाही कसं म्हणू? नियमाने सांगावंच लागतं. फक्त 'कमी साखर' ओरडून सांगितलं होतं आणि हे कानात.

"काय लिहिलंय?" आईने विचारलं.

"रेचक आहे म्हणे."

आई उठून बसली. "लहानपणी रविवारी एरंडेल द्यायचे तर गच्चीवर पळून जायचास. चार माणसं लागायची धरायला. आणि आता दोनशे रुपये देऊन, स्वतःच्या हाताने?"

पोट सावरलं तशी श्रद्धाही सावरली. दोष पदार्थाचा नाही, मात्रेचा, असं मी ठरवलं आणि रोज फक्त तीन खाऊ लागलो. पाच दिवस खाल्ली. सहाव्या दिवशी एका हिरव्या अस्वलाने माझ्या दाढेवरची टोपी धरली ती सोडलीच नाही. दाताच्या डॉक्टरकडे मी टोपी आणि तिला चिकटलेलं अस्वल असे दोन्ही आरोपी कागदात गुंडाळून नेले.

"पण डॉक्टर, यात साखर नाहीये," मी बाजू मांडली. "कीड लागायला नको."

"माल्टिटॉलने कीड लागत नाही हे खरं," ते म्हणाले, "पण आंबट आहे की नाही? सायट्रिक ॲसिडने दाताचा वरचा थर झिजतो, आणि हे तर चिकटून बसतं. चणे, शेंगदाणे का खात नाही तुम्ही?"

चणे-शेंगदाण्यांनी गिल्ट जात नाही, हे त्यांना कसं सांगणार? मुळात येतच नाही, तर जाणार कशी?

तीन महिने झाले. रिपोर्ट ६.२. मी डॉक्टरांसमोर बसलो तेव्हा माझा स्वर फसवल्या गेलेल्या ग्राहकाचा होता.

"गोडाचं बघताय ना?"

"रोज बघतोय. साखर बंद केली. कमी साखरेची गमी खातो. डॉक्टर, एकदा खरं सांगा, ती आरोग्याला चांगली असते की नसते?"

"कशाच्या मानाने?" त्यांनी विचारलं. "साध्या गमीच्या मानाने बरी. रक्तातली साखर तेवढी चढत नाही. काहीच न खाण्याच्या मानाने वाईट. जागतिक आरोग्य संघटनेनेसुद्धा २०२३ मध्ये सांगितलं की वजन कमी करायला साखरेऐवजी बिनसाखरेचे गोडवे वापरू नका."

मी याच क्षणाची वाट बघत होतो. तीन महिने भिंग उगाच नव्हतं घासलं. "त्या सूचनेत पॉलिओल येत नाहीत, डॉक्टर. माल्टिटॉल त्यातून वगळलेलं आहे."

डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "बरोबर आहे," ते म्हणाले. "आता एवढंच सांगा. हे तुम्ही जिलेबीऐवजी खाता, की जिलेबी खाऊन झाल्यावर?"

दवाखान्यातला पंखा फार आवाज करतो, हे माझ्या त्या दिवशी पहिल्यांदा लक्षात आलं.

मी गमी बंद केली. शेवटचं पाकीट फ्रिजच्या वरच्या कप्प्यात, लोणच्याच्या बरणीमागे ठेवलं, आणि फक्त अधूनमधून ते तिथेच आहे ना एवढं बघत होतो. मग गणपती आले. रोज संध्याकाळी आरती आणि रोज वेगळी खिरापत. खोबरं-साखर झाली, पेढे झाले, पंचखाद्य झालं. मी निष्ठेने सगळं घेत होतो, कारण प्रसादाला नाही म्हणू नये, आणि प्रसादाच्या पाठीमागे भिंगाने वाचण्यासारखं काही छापलेलं नसतं. सहाव्या दिवशी खिरापत करायला कोणाला वेळ झाला नाही. आरती सुरू व्हायची वेळ, वाटी रिकामी.

"ते तुझं अस्वल आण," आई म्हणाली. "नैवेद्याला चालतं. मी तेव्हाच सांगितलं होतं."

पाकीट आणलं. बाप्पापुढे चांदीची वाटी होती. मी त्यात तीन अस्वलं मोजून ठेवली, लाल, पिवळं, हिरवं.

"तीनच?"

"एक सर्व्हिंग तीनचंच आहे, आई. लिहिलंय मागे."

"देवाला कसलं आलंय सर्व्हिंग!" म्हणत आईने पाकीट माझ्या हातातून घेतलं आणि अख्खं वाटीत उपडं केलं.

आरती झाली. शेजारच्या पोरांनी एकेक अस्वल उचललं आणि मोदक नाहीत म्हणून पुढच्या घरी पळाली. लेकीने पुण्याहून व्हिडिओ कॉलवर हात जोडले. बायकोने एक घेतलं आणि वाटी माझ्यापुढे सरकवली. आत चांगली पंचवीस-तीस अस्वलं पोटं पुढे काढून माझ्याकडे बघत होती.

"प्रसाद टाकायचा नसतो," आई म्हणाली.

मी मोबाइल काढला आणि ऑफिसात निरोप धाडला, उद्या येत नाही.